ओठाला ओठ न लावता रामकथा

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन, आणि कोन आलं की ट्रॅफिक, हे वेगळं सांगायला नको! भिवंडीच्या गोडाऊनांकडे निघालेले ट्रक देशातल्या जवळजवळ प्रत्येक राज्यातून आलेले असतात. अडकलेल्या बसमध्ये करायचं काय? तर हॉस्टेलच्या मुलांनी त्यावर एक खेळ काढलेला आहे. समोरच्या ट्रकच्या नंबरप्लेटवरची राज्याची दोन अक्षरं घ्यायची आणि ती दोन्ही अक्षरं त्याच क्रमाने, शेजारी शेजारी ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा. शब्द जितका लांब तितके मार्क जास्त.

एम-एच आलं की ‘फार्महाऊस’. तामिळनाडूच्या टी-एनला ‘पार्टनरशिप’, म्हणजे अकरा मार्क. पश्चिम बंगालच्या डब्ल्यू-बीला ‘स्ट्रॉबेरी’. हरियाणाचा ट्रक दिसला तर ‘क्रिसॅन्थेमम’, चक्क तेरा अक्षरं! गुजरातच्या जी-जेने मात्र भल्याभल्यांची दांडी उडते. त्याला शब्द आहे ‘लॉगजॅम’. नदीतून सोडलेले लाकडाचे ओंडके एकमेकांत अडकून बसले की त्याला लॉगजॅम म्हणतात. कोनच्या रस्त्यावर हा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हा खेळ आपला शोध आहे असं कुणाला वाटत असेल तर थांबा. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुईस कॅरल हा मुळात ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारा माणूस, खरं नाव चार्ल्स डॉजसन. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जवळजवळ हाच खेळ ‘मिशमॅश’ या नावाने नियमांसकट छापला होता. एकाने दोन किंवा जास्त अक्षरांचा गाभा द्यायचा, दुसऱ्याने तो पोटात घेणारा शब्द सांगायचा. पुढे १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या मेळाव्यात ४५ अक्षरी रोगाचं नाव जन्माला आलं, ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’. रोग कमी आणि लांबी जास्त, असा तो प्रकार होता. तरी डिक्शनरीने त्याला आत घेतलं.

पण कॅरलचा जन्म १८३२ चा. त्याच्या जन्माच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी महाराष्ट्रात, बारामतीला, एक गृहस्थ वारले. त्यांनी ठरावीक अक्षरं शब्दांत आणण्याचा आणि ठरावीक अक्षरं शब्दांतून हद्दपार करण्याचा हा खेळ असा काही खेळला की पुढे कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. त्यांचं नाव मोरोपंत. मराठी मीडियमच्या मुलांना ते पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना बहुतेक नावापुरते. म्हणून त्यांची ही ओळख.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. घराणं मूळचं कोकणातलं. वडील पोटापाण्यासाठी घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला आले आणि पन्हाळ्याला राहिले. आईचं नाव लक्ष्मीबाई. पन्हाळ्यावर केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये हे दोन विद्वान भाऊ राहत असत. त्यांच्याकडे मोरोपंतांचं शिक्षण झालं. काव्य, व्याकरण, अलंकार असा सगळा संस्कृतचा सिलॅबस. कॉलेज नाही, डिग्री नाही, पण पाठांतर आणि व्याकरण इतकं पक्कं की तेच पुढे आयुष्यभर पुरलं. शब्दाचे सगळे पर्याय तोंडावर असणं ही त्या शिक्षणाची खरी कमाई होती. आपण थिसॉरस उघडतो, त्यांच्या डोक्यात अमरकोश उघडा असायचा.

वयाच्या चोविशीच्या सुमारास ते बारामतीला आले. तिथले बाबूजी नाईक हे मोठे सावकार, पेशव्यांना कर्ज देणारे आणि पेशव्यांचे नातेवाईकसुद्धा. त्यांच्या वाड्यात मोरोपंत पुराणिक म्हणून राहिले. पुराणिकाचं काम म्हणजे संस्कृत ग्रंथ समोर ठेवायचा आणि जमलेल्या मंडळींना त्याचा अर्थ मराठीत रसाळ करून सांगायचा. हे रोजचं काम. रामायण, महाभारत आणि भागवत त्यांनी किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद करणं कठीण आहे. कऱ्हा नदीच्या काठच्या त्या गावात त्यांचा पुढचा सगळा जन्म गेला. आजूबाजूला काळ काही शांत नव्हता. १७६१ ला पानिपत झालं, पुण्यात पेशवे बदलत गेले, कारस्थानं झाली. मोरोपंत मात्र आपल्या जागेवर बसून लिहीत राहिले.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ‘आर्याभारत’. आख्खं महाभारत त्यांनी मराठी आर्यांमध्ये आणलं, सुमारे सतरा हजार आर्या! आता आर्या म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन. ह्रस्वापुढे जोडाक्षराचा जोर आला तर त्याच्याही दोन. म्हणजे एक आणि दोन अशा दोनच किमती, आपल्या डिजिटलच्या पेपरसारख्या. मोरोपंत जी आर्या लिहितात तिला शास्त्रात गीती म्हणतात. तिची मोजणी १२, १८, १२, १८, म्हणजे एका आर्येत ६० मात्रा. सतरा हजार गुणिले साठ करा. दहा लाखांच्या वर मात्रा झाल्या, त्याही कॅल्क्युलेटरशिवाय, बोरूने लिहिलेल्या. वर शेवटी यमक जुळलंच पाहिजे. ओवी म्हटली की ज्ञानेश्वर आठवतात, अभंग म्हटला की तुकाराम, तशी आर्या म्हटली की मोरोपंत, हे समीकरण मराठीत पक्कं झालं ते या कामामुळे.

पण आपला विषय आहे अक्षरांचा खेळ. तो आहे त्यांच्या रामायणांत. रामायणांत असं अनेकवचनी लिहिलंय ते चुकून नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं मानलं जातं. सगळीच आज मिळत नाहीत, पण जी मिळतात त्यांची नावं वाचूनच माणूस चक्रावतो. कुणी छंदावरून ओळखलं जातं, जसं साकी रामायण किंवा अभंग रामायण. एकाचं नाव चक्क ‘परंतु रामायण’ आहे! गोष्ट तीच, पण प्रत्येक वेळी स्वतःला नवीन अट घालून घ्यायची.

यातलं एक ‘मंत्ररामायण’. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र त्यांनी यातल्या पद्यांत गुंफला आहे. मोजून बघा, तेरा अक्षरं असली तरी वेगळी अक्षरं पाचच आहेत: श्री, रा, म, ज आणि य. ती क्रमाने यायला हवीत, कथा पुढे सरकायला हवी, मात्रा बसायला हव्यात आणि ओळ ओढूनताणून आणल्यासारखी वाटता कामा नये. भागवताच्या वेळीही त्यांनी ‘मंत्रभागवत’ लिहून वासुदेवाचा बारा अक्षरी मंत्र असाच गुंफला. कॅरलच्या मिशमॅशमध्ये एका शब्दापुरती अट असते. इथे अख्खा ग्रंथ त्या अटीवर उभा आहे.

आणि दुसरं आहे ‘निरोष्ठ रामायण’. माझ्या मते सगळ्यात धाडसी हेच. निरोष्ठ म्हणजे ओठांशिवाय. प, फ, ब, भ, म ही अक्षरं उच्चारताना दोन्ही ओठ एकमेकांना लागतात, आत्ता म्हणून बघा. ही अक्षरं अजिबात न वापरता रामकथा सांगायची. मंत्ररामायणात निवडलेली अक्षरं आलीच पाहिजेत, इथे निवडलेली अक्षरं येताच कामा नयेत.

ही अट किती जीवघेणी आहे हे समजायला हॉस्टेलमध्ये एक तास तशी भाषा बोलून बघावी. पहिलाच शब्द अडतो, कारण ‘मी’ म्हणता येत नाही. ‘आपण’ही नाही. मेस गेली, मित्र गेले, परीक्षा, प्रॅक्टिकल आणि सबमिशन सगळं गेलं. पास होता येत नाही आणि फेलही होता येत नाही, फक्त केटी लागू शकते! बाबा, पप्पा, मम्मी, मामा, मावशी, भाऊ, बहीण ही सगळी नाती बंद. आई, ताई, दादा, काका तेवढे शिल्लक. ‘काल रात्री खोलीत लाईट गेली’ हे वाक्य चालतं, पण ‘पंखा बंद पडला’ म्हटलं की संपलं. गंमत म्हणजे लहान मूल बोलायला लागतं तेव्हा बहुधा याच ओठांच्या अक्षरांपासून सुरुवात करतं. भाषेचं पहिलं दार तेच. मोरोपंतांनी नेमकं तेच बंद करून घेतलं.

आता रामकथेकडे या. ‘राम’ या नावातच म आहे, म्हणजे नायकाचं नाव घेता येत नाही. लक्ष्मण नाही, भरत नाही, बिभीषण नाही, कुंभकर्ण नाही. हनुमानही नाही आणि मारुतीही नाही. ‘बाण’ सोडता येत नाही, ‘शर’ सोडावा लागतो. भक्ती, प्रेम, नमन, प्रभू, परमेश्वर असे भक्ताच्या तोंडी सहज येणारे शब्द सगळे बाद. ज्यांनी मूळ गोष्ट लिहिली त्या वाल्मीकींचं नाव घेता येत नाही. ‘रामायण’ हा शब्दसुद्धा आत लिहिता येत नाही. आणि ज्या ‘मयूर’ या नावाने कवी स्वतःची मुद्रा उमटवत असे, त्यातही म! सही करायचीही सोय नाही.

मग उरतं काय? दशरथ उरतो, सीता आणि जानकी उरतात, लंका आणि दशानन उरतात. रामाला दाशरथी म्हणावं, जानकीनाथ किंवा सीताकांत म्हणावं. हनुमानाला अंजनीतनय म्हणावं. इथे संस्कृतची समास करण्याची सोय कामाला येते. इंग्रजीत लांब शब्द डिक्शनरीत शोधावा लागतो. इथे हाताशी असलेले तुकडे जोडून हवा तेवढा लांब शब्द तयार करता येतो, आणि ऐकणाऱ्याला तो कळतोही. पण तुकडे हाताशी हवेत. ते पन्हाळ्याच्या पाध्ये बंधूंनी देऊन ठेवले होते.

ही कल्पना मोरोपंतांनी शून्यातून काढलेली नाही. संस्कृतमध्ये दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचं एक पात्र आहे. त्याचे ओठ दुखत असतात म्हणून तो आपली सगळी हकीगत ओष्ठ्य अक्षरं टाळून सांगतो. इकडे फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक या लेखकाने १९६९ साली ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली आणि जगभर तिची चर्चा झाली. मधल्या काळात बारामतीला काय झालं होतं ते जगाला कुणी सांगितलं नाही, कारण आपणच ते विसरत चाललो होतो.

आपल्या लोकांसाठी एक टेक्निकल मुद्दा. इंग्रजी मजकुरात ओठांची अक्षरं तपासायची तर ती विखुरलेली असतात. आस्कीमध्ये कॅपिटल बी ६६ वर, एम ७७ वर, पी ८० वर. देवनागरीचं तसं नाही. युनिकोडमध्ये प चा क्रमांक २३४६ आणि म चा २३५०, पाचही अक्षरं ओळीने. याचं कारण कॉम्प्युटरवाल्यांची हुशारी नाही. आपली वर्णमालाच मुळात उच्चार तोंडात कुठे होतो त्यानुसार लावलेली आहे: घशापासून सुरू करून ओठांपर्यंत, क पासून म पर्यंत. युनिकोडने तोच क्रम घेतला. शिवाय मा, मी, मो किंवा अर्धा म् काहीही लिहा, आत म चा कोड तोच राहतो. त्यामुळे मजकूर निरोष्ठ आहे की नाही हे एका ओळीच्या प्रोग्रामने तपासता येतं. तपासणं सोपं झालंय. लिहिणं मात्र १८ व्या शतकात होतं तितकंच अवघड आहे.

आता खरा प्रश्न. हे सगळं कशासाठी? मोरोपंतांवर हा आक्षेप पूर्वीपासून घेतला गेला आहे की ते कवी कमी आणि अक्षरांचे कारागीर जास्त. आक्षेप अगदीच खोटा नाही. त्यांची भाषा संस्कृतने जड आहे, अर्थ लावायला टीप लागते, आणि एकशे आठपैकी बहुतेक रामायणांकडे आज अभ्यासकांशिवाय कुणी वळत नाही. पण त्यांना सोपं लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांनी हे केलं, असं म्हणता येणार नाही. ‘सीतागीत’ आणि ‘सावित्रीगीत’ ही त्यांची गीतं बायकांनी घरात म्हणावीत अशी साध्या ओवीत आहेत. म्हणजे साधा रस्ता त्यांना चांगला माहीत होता.

मला वाटतं याचं उत्तर त्यांच्या नोकरीत आहे. रोज तीच कथा सांगणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती कसली असेल? सवयीची. शब्द तोंडात बसतात, तोंड चालत राहतं आणि मन दुसरीकडे जातं. लॅबमध्ये दहावा प्रयोग करताना आपलं होतं तसंच. अट घातली की हे होऊ शकत नाही. राम म्हणायला बंदी केली की दरवेळी थांबून विचारावं लागतं, राम म्हणजे कोण? दशरथाचा मुलगा, जानकीचा नवरा, लंका जिंकणारा. नाव घेणं ही भक्ताची सगळ्यात सोपी वाट. ती बंद केल्यावर गुण आठवत बसावं लागतं. जपमाळेत मणी १०८ आणि त्यांची रामायणंही १०८. माळेचा प्रत्येक मणी हाताला सारखाच लागतो, पंतांनी प्रत्येक मणी वेगळा घडवला.

उतारवयात त्यांनी ‘केकावली’ लिहिली. केका म्हणजे मोराचा आवाज. मोर म्हणजे मयूर, म्हणजे ते स्वतः. पृथ्वी नावाच्या वृत्तात, ओळीला सतरा अक्षरं आणि प्रत्येक अक्षराचा लघु-गुरू आधीच ठरलेला. बंधन इथेही कडक आहे, पण सूर वेगळा आहे. इथे गोष्ट नाही. म्हातारा झालेला माणूस देवाशी थेट बोलतोय. विनवतो, वाद घालतो, तू इतरांना तारलंस मग मलाच उशीर का अशा अर्थाचा जाब विचारतो. आयुष्यभर अक्षरं हाताळल्यामुळे इथे वृत्त कुठे आडवं येत नाही. ज्यांना मोरोपंत फक्त कारागीर वाटतात त्यांनी आधी केकावली वाचावी.

१५ एप्रिल १७९४, चैत्री पौर्णिमेला बारामतीत मोरोपंतांचं निधन झालं. वय पासष्टच्या आसपास. देवनागरीत छापलेलं मराठी पुस्तक तेव्हा अजून यायचं होतं. त्यांच्या आर्या पसरल्या त्या हाताने नकलून घेतलेल्या वह्यांमधून आणि कीर्तनांतून. सोलापूरचा लावणीकार शाहीर राम जोशी हा पंतांच्या प्रभावाखाली आला आणि पुढे कीर्तनात त्यांच्या आर्या गाऊ लागला. म्हणजे पंडिताच्या जड आर्या गावोगाव पोचवल्या त्या तमाशाच्या फडातून आलेल्या माणसाने! नंतर १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांच्या ‘नवनीत’ या वेच्यांच्या पुस्तकामुळे मोरोपंत शाळेत पोचले. १८६५ साली दादोबा पांडुरंग यांनी केकावलीवर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या कवितेवर मोठा लेख लिहिला आणि १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी चरित्र लिहिलं.

हे सगळं वाचल्यावर आम्ही नंबरप्लेटचा खेळ मराठीत खेळून पाहिला. नियम तेच, अक्षरं देवनागरी. र आणि व शेजारी शेजारी आले पाहिजेत. हिरवळ, परवानगी, मिरवणूक... आणि मग बसमध्ये शांतता. ट आणि क दिले तर कटकट, सुटका, चटकन, पुन्हा शांतता. इंग्रजीत जीआरईच्या वर्डलिस्टमुळे तेरा अक्षरी फुलाचं नाव येतं, आणि ज्या भाषेत आईशी फोनवर बोलतो तिच्यात गाडी चौथ्या शब्दाला पंक्चर होते. शब्द लागत नाहीत म्हणून ते आठवत नाहीत, आणि आठवत नाहीत म्हणून वापरले जात नाहीत. ही भाषेची गळती आहे. खेळ खेळल्याशिवाय ती कुठून होतेय ते कळत नाही.

तेव्हा मंडळी, सबमिशनं संपली की एवढं करा. ‘निरोष्ठ’ नियम पाळून हॉस्टेलच्या एका दिवसाचं वर्णन दहा वाक्यांत लिहा आणि वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लावा. प, फ, ब, भ, म यांपैकी एक जरी अक्षर सापडलं तर कागद खाली. तपासायचा प्रोग्राम कॉम्प्युटरची मुलं देतील, ती एका ओळीची गोष्ट आहे. आणि दहाही वाक्यं साधली तरी खाली स्वतःचं नाव टाकताना जरा जपून. त्यात म असेल तर मोरोपंतांसारखी तुमचीही पंचाईत!